मदत हवी आहे: निर्माता असला, तर नास्तिकाला काय फरक पडावा?

मी देव मानत नाही, पण एक प्रश्न काही केल्या सुटत नाहीये. समजा, हे विश्व कुणीतरी निर्माण केलंय हे उद्या निर्विवाद सिद्ध झालं, तर माझ्या वागण्यात नेमकं काय बदलायला हवं?

एपिक्युरस हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ देव आहेत असं मानायचा, पण त्यांना माणसांच्या भानगडीत रस नाही, म्हणून त्यांना भिऊ नका म्हणायचा. आपल्याकडच्या मीमांसकांनी, म्हणजे वेदांतल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या प्राचीन तत्त्वज्ञांनी, तर वेद प्रमाण मानूनही जगाचा कर्ता नाकारला. इथवर पटतं. शिवाय आईवडिलांनी जन्म दिला म्हणून त्यांचा शब्द आपोआप बरोबर ठरत नाही, मग निर्मात्याचा तरी का ठरावा?

अडतं ते पुढे. एखादं तान्हं मूल कर्करोगाने तडफडतं. निर्माता नसेल तर त्यात कुणाचाच दोष नाही. असेल, तर जाब विचारायला कुणीतरी आहे! हा फरक मला फार मोठा वाटतो, आणि तो पूजा-प्रार्थनेशी जोडलेलाही नाही.

हा फरक केवळ भावनिक आहे, की त्यातून खरंच काही नैतिक निष्कर्ष निघतो? आस्तिक-नास्तिक दोघांनीही सांगा. फक्त देव आहे की नाही, हा वाद कृपया इथे नको.