मॅरेथॉन : पळणाऱ्यांचे आणि रस्त्याकडेला उभे राहणाऱ्यांचे अनुभव

अनुजा_ठाणे
काल लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची मुलगी भेटली. घामाने निथळत होती, बूट हातात. म्हणाली, "काकू, जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन करतेय, 42 किमी. आईबाबा बघायला यायचं म्हणतायत, त्यांना कुठे उभं करू?" माझा मजला आला, दार उघडलं, मिटलं, परत उघडलं, मी आपली बोलतेच आहे.

नवऱ्याची पहिली फुल आठवली. तेव्हा शर्यतीला नाव अजून स्टॅंडर्ड चार्टर्डचं होतं, प्रायोजक म्हणून टाटा 2018 पासून आले. मध्यरात्र उलटल्यावरची ती खास लोकल, डबाभर छातीवर नंबर लावलेली माणसं, सगळीकडे आयोडेक्सचा वास, आणि त्यात सासूबाई, लेक आणि मी. मरीन ड्राइव्हला जाऊन उभ्या राहिलो. हौशी लोक पहाटे पाचला सुटतात, म्हणजे मिट्ट काळोख, आणि हजारो माणसं एकाच रंगाच्या टीशर्टात. सासूबाई दिसेल त्याला "चल रे बाळा" करत होत्या. आमचा बाळ्या कधी गेला पत्ताच नाही. नंतर म्हणाला, मी समोरूनच गेलो, हाकही मारली, तुम्ही दुसऱ्याच कुणाला टाळ्या वाजवत होतात.

मग चालत चालत पेडर रोड गाठला. तिथे सापडला एकदाचा. कानशिलापासून हनुवटीपर्यंत मिठाच्या पांढऱ्या रेघा, नजर भलतीकडेच. सासूबाईंनी डबा उघडला, संत्र्याची फोड मिठात बुडवली, थेट त्याच्या तोंडात कोंबली आणि म्हणाल्या, "पुरे झालं आता, टॅक्सी करू या." तो जो हसत सुटला, तो चालायचा सोडून पळायलाच लागला.

तर लिहा. तयारी कशी केलीत, कोण कुठे उभं होतं, काय खाल्लंत, काय दुखलं. सगळं चालेल.

धावडा
पेडर रोडच. दुसरं उत्तर नाही. जाताना तो चढ जाणवतही नाही, कारण अंगात जोर असतो आणि अंधार असतो. परत येताना 36-37 किमी झालेले असतात, ऊन डोक्यावर. अंगातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, बहुतेकांचं 30-32 लाच संपतं, मग पाय आपले राहत नाहीत. फक्त एक करा, चढाच्या माथ्यावर उभे राहू नका. तिथे पोचलेल्याला पुढचा उतार दिसत असतो, त्याला तुमची गरज नाही. हाजी अलीकडून चढ सुरू होतो तिथे थांबा.

खडूस_काका
आणि आम्ही जे तिकडे राहतो त्यांनी दूध कुठून आणायचं तेही लिहा. सकाळी दहापर्यंत गाडी बाहेर काढता येत नाही.

शेंगदाणा
काका, वर्षातून एक रविवार. आदल्या दिवशी दोन पिशव्या जास्त घ्या :)

माहीमकर
सगळे पेडर रोड पेडर रोड करतात. आमच्याकडे या हो कधीतरी. फुल पळणारा वरळीहून सी लिंकवर चढतो. 5.6 किमीचा पूल, वारा, एक बघ्या नाही, कारण पब्लिकला वर सोडतच नाहीत. एरवी त्या पुलावर पायी पाऊल ठेवता येत नाही म्हणून लोक फोटो काढत जातात, पण आवाज म्हणाल तर नुसता बुटांचा. तिथून वांद्रे करून माहीमला उतरला की माणसाच्या आवाजाला भुकेला असतो. मग आमचे ढोल-ताशे. समोरच्या बिल्डिंगमधले अंकल गिटार घेऊन खुर्ची टाकून बसतात, आमची आई मोसंबी चिरून ठेवते. पाच तासवाला गडी साडेसात-आठला आमच्या दारात येतो. पुढे शिवाजी पार्क, सिद्धिविनायक, सगळीकडे गर्दी आहे. हाफवाल्यांची (21 किमी) तर सुरुवातच माहीमहून.

पामबीच_पहाट
तयारीबद्दल लिहिते, कारण बघण्याचा अनुभव शून्य. बावन्नाव्या वर्षी सुरू केलं. आधी पामबीच रोडला नुसतं चालणं, मग एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळणं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, ट्रॅक पँट पोळ्यांच्या डब्यामागे ठेवायचे.

कोणी सांगत नाही अशा गोष्टी लिहून ठेवते. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, लांब पळताना पाय फुगतात. तरीही पायाच्या अंगठ्याचं नख काळं होणार आणि एक दिवस अलगद मोज्यात निघून येणार. घाबरू नका, नवीन येतं. काखेत, मांड्यांत, ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलिन थापा, नाहीतर पंधराव्या किमीनंतर जी आग होते ती अंघोळीच्या पाण्याखाली कळते. आणि बायांनो, स्पोर्ट्स ब्रावर पैसे वाचवू नका. घड्याळावर वाचवा.

एकटीने पहाटे साडेचारला पळायची भीती वाटायची. माणसांपेक्षा कुत्र्यांची जास्त. मग ग्रुप मिळाला. ऑक्टोबरमधला उकाडा काढलात की अर्धी लढाई झाली. घामाने बूट पचपचतात, वेग मिनिटभराने पडतो, वाटतं आपल्याला जमणारच नाही. जमतं. डिसेंबरात हवा जरा कोरडी झाली की तेच पाय आपोआप उचलतात. तीसचा लांबचा रन डिसेंबरात होतो, आणि मग येतो टेपर. शेवटचे दोन-तीन आठवडे पळणं कमी करायचं. तेव्हा मी घरी इतकी चिडचिडी होते की लेक म्हणते, आई तू जा बाहेर, दहा किमी मारून ये.

शेंगदाणा
पोळ्यांच्या डब्यामागे!! 😂 माझी आजी तिथे पैसे ठेवायची.

स्वरूपा
घड्याळावर वाचवा, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो घड्याळ चार्जिंगला लावून झोपतो आणि बायकोला गुड नाईट म्हणत नाही.

निशाचर
पामबीच, काटा आला वाचून. मी काल पाच किमी पळालो आणि आज जिना बाजूने उतरतोय.

नर्सताई
ड्युटीवर आहे, पटकन लिहिते. पाच-सहा तास रस्त्यावर असणाऱ्यांनी प्रत्येक टेबलावर नुसतं साधं पाणी ढोसू नये. रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं. घरच्यांना वाटतं पाणी कमी पडलं आणि ते आणखी पाणी पाजतात. मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस ठेवा, तहान लागेल तसं प्या. अनुजाच्या सासूबाईंची मीठ लावलेली फोड एकदम बरोबर होती. टॅक्सीचं नाही.

आणि बघणाऱ्यांनो, तुमचा माणूस तिरका तिरका चालायला लागला किंवा स्वतःचं नाव विचारल्यावर अडखळला तर "अजून थोडंच राहिलंय" म्हणू नका. जवळच्या मेडिकल पॉइंटला न्या. पदक पुढच्या वर्षी मिळतं.

धावडा
+1. आणि तसंही "थोडंच राहिलंय" कधीच म्हणू नये. 30 ला उभं राहून मला एकाने सांगितलं होतं थोडंच राहिलंय. बारा किमी!! त्याचा चेहरा अजून लक्षात आहे.

मिनी_लंडन
इथे लंडनला जरा वेगळं असतं. भाऊ गेल्या वर्षी पळाला. सगळे टॉवर ब्रिजला जाऊन उभे राहतात, टीव्हीवर दिसतो म्हणून. गर्दी इतकी की मान वर काढता येत नाही. आम्ही कटी सार्क या जुन्या जहाजापाशी एकदा बघितला, तिथून डीएलआर ट्रेन धरून कॅनरी वार्फला. तिथे 29-30 किमी झालेले असतात, लोक रडवेले झालेले असतात. अॅपवर धावणाऱ्याचा ठिपका सरकताना दिसतो, पण त्यावर फार विसंबू नका, गर्दीत नेट मान टाकतं. घरून निघतानाच अंदाजे वेळा कागदावर लिहून घ्या.

इकडे छातीवर नाव लिहितात म्हणजे अनोळखी लोक नावाने हाका मारतात. आमच्या बंधूंनी नाव लिहिलं देवनागरीत! अभिमान. सबंध रस्ताभर कुणालाच वाचता येईना. सगळे आपले "कमॉन, यलो शर्ट". शेवटी एका वळणावर एक आजी, स्वेटरवर नऊवारी, जोरात ओरडल्या, "अहो जोशीबुवा, मान वर करा!" भाऊ म्हणतो, पुढचे चार किमी त्यावर निघाले.

माहीमकर
जोशीबुवा 😀😀

साताऱ्याची
आमच्या साताऱ्याच्या हिल हाफचं कुणीच कसं काही लिहिलं नाही? 21 किमी, पण अर्ध्या वाटेपर्यंत नुसता यवतेश्वरचा घाट. धुकं, पाऊस, कासकडचा वारा. चढताना दम जातो पण खरी मजा परत येताना. उतारावर सगळे सुसाट सुटतात आणि दुसऱ्या दिवशी मांडीचे पुढचे स्नायू बसू देत नाहीत. आमच्याकडे पाहुणे आले होते पळायला, सोमवारी त्यांना संडासात बसता येईना, दाराला दोरी बांधून दिली.

तयारीला घाट नसेल तर उड्डाणपूल वापरा. वर जाताना पावलं लहान, उतरताना टाच आपटायची नाही. हे आम्हाला एका सरांनी सांगितलं, ते स्वतः रोज अजिंक्यतारा चढतात.

बघायचं तर घाटाच्या वळणावर बघा. खालून येणारी रांग पण दिसते आणि वरून उतरणारी पण. एकाच जागी उभं राहून माणूस दोनदा भेटतो. हे मुंबईला नाही.

अनुजा_ठाणे
मुंबईलाही आहे गं! मरीन ड्राइव्ह, जाताना आणि येताना. फक्त मधे चार तास काय करायचं हा प्रश्न. आम्ही इराण्याकडे बसलो असतो तर बरं झालं असतं. आणि दोरीवरून हसून हसून पोट दुखलं.

पुणेरी_पाटी
सर्व मुंबईकर व सातारकरांच्या माहितीसाठी : पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासून आहे. मुंबईची 2004 ची. एवढंच सांगायचं होतं.

माहीमकर
आलं पुणं.

पुणेरी_पाटी
बरं, अनुभवही लिहितो. शाळेतून आम्हाला कागदी झेंडे देऊन रस्त्याकडेला उभं करायचे. थंडीत, हाफ पँटीत. पहिले येणारे इथिओपियाचे, केनियाचे. मला आठवतं ते हे की त्यांच्या पावलांचा आवाजच यायचा नाही. पायलट गाडी गेली, वाऱ्याची झुळूक आली, संपलं. झेंडा वर करेपर्यंत पाठमोरे. मग बराच वेळ कुणीच नाही, आणि मग आमचे पीटीचे सर, धापा टाकत. त्यांना आम्ही जो आवाज दिला तो त्या विजेत्यांना मिळाला नसेल. दुसऱ्या दिवशी सरांनी कुणालाच छडी मारली नाही.

साताऱ्याची
आमच्या माणच्या ललिता बाबरला विसरू नका कुणी. मोही गाव, दुष्काळी भाग. मुंबई मॅरेथॉन गाजवली आणि मग 2016 ला रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत, दहावी आली. आमच्या गल्लीतल्या पोरी तेव्हापासून पळायला लागल्या, हे डोळ्यांनी बघितलंय.

आजोबा_बारामती
आमच्या लता करे. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून ज्येष्ठांच्या शर्यतीत उतरल्या. नऊवारी, अनवाणी. जिंकल्या. तुमचे अर्धा नंबर मोठे बूट वगैरे ठीक आहे.

पामबीच_पहाट
आजोबा, नमस्कार. यापुढे बूट या विषयावर मी काही बोलणार नाही.

स्वरूपा
लाडू कुठले नेता सगळे? एनर्जी जेल घेतलं की मला ओकारी येते. खजूर-शेंगदाण्याचे छोटे करून बघितले, पळताना घशात अडकतात.

धावडा
खजुराची बी काढून नुसता मऊ तुकडा, त्यावर मिठाचा खडा. दर सात-आठ किमीला. आणि जे काय घ्यायचं ते लांबच्या रनला आधी घेऊन बघायचं. शर्यतीच्या दिवशी नवीन काही नको. नवीन मोजेसुद्धा नको.

शेंगदाणा
गूळ-शेंगदाणा चिक्की पेडर रोडवाले फुकट देतात. मी ड्रीम रनवाली (हौसेची छोटी दौड), माझा तिकडे काही संबंध नाही, पण ओळखीच्या काकू वाटायला जातात आणि अर्धी स्वतः खातात.

खडूस_काका
मीही वाटतो. केळी. सोसायटीकडून. दुधाचा मुद्दा वेगळा आहे.

शेंगदाणा
काका!!! ❤️

निशाचर
त्या लिफ्टमधल्या मुलीच्या आईबाबांसाठी : मेट्रो 3 झाल्यापासून रस्ते बंद असले तरी अडत नाही. आधी माहीम-शिवाजी पार्कच्या पट्ट्यात बघा, मग सिद्धिविनायक स्टेशनला जमिनीखाली शिरा आणि हुतात्मा चौकाला नाहीतर सीएसएमटीला वर या. रविवारी पहिली गाडी किती वाजता आहे तेवढं आदल्या दिवशी बघून ठेवा. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना माणसं असतात, त्यामुळे कुठल्या फुटपाथवर उभे आहात ते मुलीला आधी सांगून ठेवायचं. "डावीकडे, लाल छत्री" असं. लाल छत्री कुणाकडेच नसते त्या दिवशी.

अनुजा_ठाणे
हे बेस्ट! तिला पाठवते लगेच. काका, तुमची केळी कुठल्या गेटला असतात तेही सांगा, ती मुलगी येईल.

खडूस_काका
सांगणार नाही. गर्दी होते.

मंदार_के
धागा पूर्ण वाचला नाही, सॉरी. हाफची नोंदणी अजून चालू आहे का?

धावडा
हाफ भरली कधीच. शिवाय जुन्या शर्यतीच्या वेळेचं प्रमाणपत्र लागतं. आहे का?

मंदार_के
नाही. ड्रीम रनला पण लागतं का?

शेंगदाणा
ड्रीम रनला काही लागत नाही. गेल्या खेपेला माझ्या पुढे एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन होते. पिशवीत खरंच भाजी होती.