मदत हवी आहे: ऑटोमॅटिक गाडी टोचन करून कुंभार्ली घाट उतरवता येईल का?

नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी कराडहून चिपळूणला येताना हेळवाकच्या पुढे टेंपरेचरचा काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी ढकलत एका हॉटेलाच्या आवारात लावली, एसटीने घरी आलो. आज मेकॅनिक वर जाऊन आला. फुटलेला होज त्याने बदलला, पण रेडिएटरमध्ये बुडबुडे येतायत. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) उडालंय, गाडी अजिबात चालू करू नका म्हणाला.

मामेभावाकडे बोलेरो आहे आणि नायलॉनचा जाड दोर आहे. तो म्हणतो, न्यूट्रलला टाक, तासाभरात घाटाखाली पोफळीत उतरवतो. गाडी उचलून नेणारा हायड्रॉलिकवाला सांगतोय तो आकडा ऐकून मलाही मोह होतोय. इन्शुरन्समध्ये रोडसाइड असिस्टन्स घेतला नव्हता (चार पैसे वाचवले, दुसरं काय). गाडी ऑटोमॅटिक, पुढच्या चाकांवर चालणारी. कुणी असं केलंय का?

प्रतिसाद १
गाडीच्या मॅन्युअलमध्ये टोइंगचं पान आधी वाचा. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचं तेल फिरवणारा पंप सहसा इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून पुढची चाकं फिरवलीत की आतले भाग कोरडे घासतात. गॅस्केटचा खर्च आहेच, वर गिअरबॉक्सचाही येईल. फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) मागवा, नाहीतर पुढची चाकं उचलून नेणारी क्रेन. क्रेन असेल तर हँडब्रेक सोडलाय ना, ते बघा.

प्रतिसाद २
गिअरबॉक्स राहू द्या, ब्रेकचं काय? इंजिन बंद असताना दोनतीनदा पॅडल दाबलं की ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरचा जोर संपतो, मग पॅडल दगडासारखं. स्टेअरिंगही जड होतं. सपाट रस्त्यावर, ताशी वीसच्या आत, मॅन्युअल गाडी मी दोराने ओढलीय. दोर पाच मीटरच्या आत, मधोमध लाल फडकं, किल्ली ऑनला, म्हणजे स्टेअरिंग लॉक होत नाही. पण उताराला दोर ढिला पडतो आणि मागची गाडी पुढच्याच्या डिकीत घुसते. घाटात दोर नकोच. मामेभावाला माझ्यातर्फे नमस्कार.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. मामेभाऊ रुसलाय, पण फ्लॅटबेड सांगितलाय. टो हुक कुठे मिळेल? पुढे अडकवायला काहीच दिसत नाही.

प्रतिसाद २
डिकीत स्टेपनीजवळ, जॅकच्या पिशवीत. बंपरवरचं चौकोनी झाकण काढून आत पिळायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, जबरदस्ती करू नका.

धागाकर्ता
अपडेट: गाडी गॅरेजात पोहोचली. रात्रभर पार्किंग लाइट चालू ठेवल्याने बॅटरी उतरली होती, त्यामुळे गिअर 'पी'मधून (पार्किंग) हलेना. शेवटी बोलेरोच कामाला आली! जंप केबलने नुसता करंट घेतला, इंजिन चालू न करता न्यूट्रलला टाकली आणि फ्लॅटबेडच्या विंचने (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) वर ओढली. मामेभाऊ आता सगळ्यांना सांगत फिरतोय की गाडी त्यानेच उतरवली.