अनुभव धागा : नातं सुटलं, गाडी मात्र दोघांची

भाड्याचं घर सोडता येतं, भांडीकुंडी वाटून घेता येतात. गाडीचं तसं होत नाही. इंदुरात दोघांच्या पगारावर गाडी घेणारी मराठी जोडपी पुष्कळ आहेत, लग्न झालेली आणि न झालेलीही. वेगळं व्हायची वेळ आली की बाकी सगळं उरकतं आणि गाडीपाशी गाडं अडतं. माझ्या धाकट्या बहिणीला यातून जाताना जवळून पाहिलं, म्हणून हा धागा काढते आहे. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी नेमकं काय केलं, कोणता कागद कामी आला, कुठे अडलं, ते मोकळेपणाने लिहा. दोष कोणाचा होता यात शिरायला नको. नावं आणि गाडीचे नंबर टाकू नका.

सुरुवात मीच करते. बहीण आणि तिचा जोडीदार विजय नगरला राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. कर्जात दोघं अर्जदार, आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद, मात्र बहिणीच्या एकटीच्या नावावर. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४१ असं सांगतं की गाडी एकाहून अधिक जणांच्या मालकीची असली तरी नोंदणीचा अर्ज त्यांच्यापैकी एकाने सगळ्यांच्या वतीने करायचा, आणि त्या कायद्यापुरता तोच मालक धरला जातो. म्हणजे आरसीवर नाव नाही म्हणून दुसऱ्याचा पैसा बुडत नाही. त्या मुलाला हे ठाऊक नव्हतं. आपल्या हाती काहीच लागणार नाही या धास्तीने तो दुसरी चावी सोडेना. हे कलम त्याला वाचायला दिलं आणि बोलणं सुरू झालं.

हिशेब आईच्या ओट्यावर बसून केला. कर्ज लगेच फेडायचं तर किती भरावं लागेल ते सांगणारं फोरक्लोजर स्टेटमेंट बँकेकडून मागवलं, बाकी निघाली २,१०,०००. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या तिघांकडून भाव काढले. पॉलिसीवर गाडीची जी किंमत (आयडीव्ही) लिहिलेली असते तो आकडा विम्यासाठीचा, बाजारात तोच भाव येईल असं नाही. मधला भाव धरला ५,४०,०००. कर्ज वजा जाता उरले ३,३०,०००. डाउन पेमेंट आणि हप्ते कोणाच्या खात्यातून किती गेले ते पासबुकांवरून जुळवलं, तर प्रमाण आलं ६०:४०. त्याचे झाले १,३२,०००. पेट्रोल आणि सर्व्हिसिंग धरलंच नाही, ज्याने वापरली त्याने घातलं. चारही टायर मात्र त्याने नुकतेच बदलले होते. ते बिल तिने आपण होऊन वेगळं काढलं आणि पुरं चुकतं केलं. मला ते फार आवडलं.

पैसे एनईएफटीने दिले, तपशिलात ‘गाडीचा हिस्सा पूर्ण’ असं लिहून. शिवाय स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या, नोटरी. इतकं होऊनही बँक त्याला सोडेना, कारण तुमचं नातं संपलं म्हणून सहअर्जदाराचं नाव निघत नसतं. शेवटी तिने एकटीच्या पगारावर नवं कर्ज काढून जुनं बंद केलं, तेव्हा तो मोकळा झाला. मधल्या काळात एखादा हप्ता चुकला असता तर सिबिल दोघांचाही खराब झाला असता.

सुदामा नगरहून

माझं याच्या उलट होतं. आरसी माझ्या नावावर आणि गाडी बायकोकडे राहणार होती, मुलीच्या शाळेसाठी. घटस्फोट परस्पर संमतीने, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली. ‘गाडी पत्नीकडे राहील’ एवढ्या एका वाक्यावर भागत होतं, पण आमच्या वकीलबाई अडून बसल्या. समझोत्यात त्यांनी गाडीचा नंबर, चेसिस नंबर, नाव कोणत्या तारखेच्या आत बदलायचं आणि तोवरची चलानं कोणी भरायची, सगळं घालायला लावलं. मी विचारलं, एवढं कशाला? त्यांनी सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल समोर ठेवला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी विकली गेली होती, पण आरसीवर पहिल्याचंच नाव होतं. अपघाताच्या भरपाईला तोच जबाबदार ठरला. भांडण नसतानाही नाव बदलणं टाळू नये, ते यासाठी.

नाव बदलायला नायता मुंडल्याच्या आरटीओत फॉर्म २९ आणि ३० लागले. कर्ज फिटलेलं असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरचा बँकेचा बोजा, उतरवून घ्या. ऑनलाइन अर्जात ओटीपी नोंदलेल्या मोबाइलवर जातो. आमच्याकडे तो माझाच होता, म्हणून निभावलं. विमाही १४ दिवसांत नव्या नावावर करायचा असतो. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर जात नाही, तो माणसाचा असतो, तेव्हा माझा मी सर्टिफिकेट घेऊन ठेवला. तिचा हप्ता त्यामुळे वाढला, हे तिला आधीच सांगितलं होतं.

पलासियाहून, थोडक्यात

फास्टॅग विसरू नका. गाडी तिच्याकडे गेली, टॅग माझ्या खात्याला जोडलेला राहिला. पैशांचं काही नाही. पण देवासच्या बाजूला ती कधी गेली, कधी परतली, ते मला मेसेजवर कळायचं. तिला ते नको होतं आणि मलाही नको होतं. टॅग बंद करून तिने नवा घेतला.

लष्कर, ग्वाल्हेरहून

मी आई म्हणून लिहिते. लेकीच्या लग्नात गाडी दिली ती आमच्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून घेतलेली, त्या वर्षी रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट होती. नोंदणी जावयाच्या नावावर झाली. दोन वर्षांत मुलगी माहेरी आली आणि सासरचे म्हणाले, गाडी आमची. यांनी पावती जपून ठेवली होती, पैसे यांच्या खात्यातून गेल्याचं त्यात होतं. शिवाय १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची यादी करतात, तशी आम्ही केली होती. तीत ‘कन्येस मोटार’ असं लिहून दोघांच्या सह्या होत्या. लग्नात मिळालेली वस्तू दोघांची असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली तिचा निवाडा कोर्ट करू शकतं. इथे ती मुलीचीच होती आणि कागद तसं बोलत होते. ते पाहून त्यांनी तडजोड केली. आयांनो, यादी करा. लग्नाच्या गडबडीत कितीही अवघड वाटलं तरी करा.

वडोदऱ्याहून

वेगळी झाल्यावर इंदूरची गाडी घेऊन इथे नोकरीला आले. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर नवी नोंदणी करावीच लागते. त्यासाठीच्या एनओसीच्या फॉर्म २८ वर आरसीवाल्याची सही हवी, म्हणजे त्याची. इंदूर सोडण्याआधीच त्याच्याकडून सही घेतली होती, म्हणून काम झालं. गुजरातचा कर नव्याने भरावा लागला. तो हिशेबात आधी धरलेला नव्हता. नंतर त्याला कळवलं, तर निम्मा त्याने विनातक्रार पाठवला. असेही लोक असतात, हे मुद्दाम लिहिते.

रामबागचे काका

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. तिथे टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, खरोखर दोन नावं येतात. दोन नावांमध्ये ‘अँड’ असेल तर विकताना दोघांची सही, ‘ऑर’ असेल तर एकाची पुरते. त्याच्या टायटलवर ‘ऑर’ होतं. ती एकटी सही करून गाडी विकू शकत होती, पण तिने त्याला विचारल्यावाचून कागदाला हात लावला नाही. तिकडच्या मुलांना फोनवर एवढं जरूर सांगा, टायटल काढून पाहा म्हणावं.

अन्नपूर्णा रोडहून

आम्हा दोघांनाही ती गाडी नको होती. विकली. आरसी माझ्या नावावर, त्यामुळे पैसे माझ्याच खात्यात येणार होते आणि तिला विश्वास वाटत नव्हता. तिचं म्हणणं रास्त होतं, आधीच्या काही गोष्टींत ती पोळली होती. मी घेणाऱ्याला लेखी दिलं की निम्मी रक्कम थेट तिच्या खात्यात टाका, आणि ती आल्याचं तिने सांगितल्यावरच फॉर्मवर सही केली. विक्रीच्या पावतीवरही दोन्ही रकमा वेगवेगळ्या लिहून घेतल्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वडोदऱ्याच्या ताई, फॉर्म २८ चं बहिणीला आजच कळवलं, तीही पुण्याला जायचं म्हणते आहे. एक विचारायचं राहिलं. बहिणीच्या मैत्रिणीची गाडी बीएच मालिकेतली (बदलीच्या नोकरीवाल्यांना मिळणारा, सगळ्या राज्यांत चालणारा नंबर) आहे, दोन-दोन वर्षांचा कर भरतात ती. नोकरी बदलीची आहे ती तिच्या जोडीदाराची, आणि गाडी राहणार आहे मैत्रिणीकडे. अशी गाडी साध्या नंबरवर आणून नावावर करवून घेतलेलं कोणी असेल तर कृपया लिहा, तिला या महिन्यातच ठरवायचं आहे.