रात्री झोपायच्या आधी फिल्म स्कोअर (सिनेमाचं पार्श्वसंगीत) ऐकता का कोणी? मध्येच युद्ध सुरू होतं त्याचं काय करायचं?

रातपाळी_पुणे

नमस्कार मंडळी. माझी शिफ्ट अमेरिकेच्या वेळेवर असते, घरी यायला दीड-दोन वाजतात आणि डोकं काही केल्या बंद होत नाही. गाणी लावली की शब्दांकडे लक्ष जातं, रागसंगीत लावलं तर मी त्यात इतका गुंततो की होती ती झोपही उडते. म्हणून हल्ली सिनेमांचे ऑर्केस्ट्रावाले स्कोअर ऐकायला लागलोय आणि खरंच सांगतो, काही तुकडे असे आहेत की दोन-चार मिनिटांत खांदे सैल पडतात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या भागात हॉबिटांच्या गावाचं जे संगीत आहे ना, ती टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) आणि मागे फिडल, ते तर मी रोज ऐकतो.

पण अल्बम तसाच सोडला की डोळा लागतोय लागतोय तोवर आपण त्याच सिनेमातल्या मोरियाच्या खाणीत पोचलेलो असतो, पुरुषांचा कोरस, ड्रम, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) सगळं एकदम अंगावर येतं आणि मी टक्क जागा. 'इंटरस्टेलर'चं पण तेच. आवाज कमी करून ठेवला तर शांत भाग ऐकूच येत नाही, वाढवला तर मोठ्या भागात शेजारच्या खोलीतली आई उठते. यातून मार्ग काय काढता तुम्ही लोक? आणि कुठले स्कोअर सुचवाल?

---

सी_मेजर

चांगला विषय काढलात. पहिली गोष्ट, अल्बम सलग लावू नका. स्कोअरचा अल्बम साधारण सिनेमाच्या क्रमाने जातो, आणि सिनेमात चाळीस मिनिटांनी लढाई असेल तर अल्बममध्येही ती येणारच. एकेक तुकडा निवडून स्वतःची यादी करा, शफल बंद ठेवा. 'इंटरस्टेलर'मधून 'डे वन' आणि 'मेसेज फ्रॉम होम' घ्या, 'माउंटन्स' अजिबात नको. 'स्टे' सुरुवातीला फसवं शांत आहे पण शेवटाकडे इतकं चढतं की घर दणाणतं, तेही टाळा.

आवाजाचं म्हणाल तर त्यामागे कारण आहे. पॉप गाण्यात हळू आणि जोरात यातला फरक मिक्सिंगमध्येच दाबून टाकलेला असतो, ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगमध्ये तो मुद्दाम राखतात कारण सगळी मजा त्यातच आहे. वर आपले कान असे आहेत की आवाज कमी केला की खालचे सूर सगळ्यात आधी गायब होतात, म्हणजे चेलो आणि डबल बास गेले आणि उरले फक्त व्हायोलिनचे वरचे सूर, ते मग पातळ आणि टोचरे वाटतात. त्यामुळे फोनच्या स्पीकरवर हळू आवाजात ऑर्केस्ट्रा ऐकून 'मजा नाही आली' म्हणणाऱ्यांना दोष देता येत नाही. कान झाकणारे साधे हेडफोन घ्या, आवाज मध्यम ठेवा आणि यादीत मुळातच ज्यांचा चढउतार कमी आहे असेच तुकडे घाला. स्लीप टायमर लावायला विसरू नका. फुकटवालं अ‍ॅप असेल तर मात्र दोन तुकड्यांच्या मध्ये जाहिरात किंचाळते, त्यापेक्षा तुकडे विकत घेतलेले बरे.

सुचवायचं तर जॉन बॅरी. 'आउट ऑफ आफ्रिका' (1985) आणि 'डान्सेस विथ वुल्व्ज' (1990), दोन्हींना ऑस्कर आहे पण ते सोडा. बॅरीची चाल लांब असते, घाई नसते, सगळी तंतुवाद्यं मिळून एक सूर धरतात आणि खालून फ्रेंच हॉर्न हळूच उत्तर देतात. ती चाल पुढे कुठे जाणार हे दुसऱ्यांदा ऐकताना कळतं आणि ती खरंच तिथेच जाते, दचकवत नाही. माझ्या मते विश्रांती मिळते ती यानेच, नुसतं हळू वाजतं म्हणून नाही.

---

मडगांवची

सी_मेजर यांच्याशी सहमत, पण मी एक वेगळी गोष्ट सांगते. मी लहानपणी चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवायचे, आता फक्त ऐकते. आपल्याकडे बहुतेकांना गाण्याची मुख्य चाल धरून ऐकायची सवय असते, ऑर्केस्ट्रात मात्र एका वेळी चार-पाच गोष्टी चालू असतात आणि थकलेल्या डोक्याला तो गोंगाट वाटू शकतो. म्हणून एकच वाद्य धरा. आज फक्त ओबो (सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य), उद्या फक्त चेलो. बाकी सगळं आपोआप मागे सरकतं, विचारसुद्धा.

याला सगळ्यात चांगलं म्हणजे एन्यो मोरिकोने यांचं 'द मिशन' (1986) मधलं 'गेब्रिएल्स ओबो'. सिनेमात धबधब्याच्या वरच्या जंगलात एक जेझुइट पाद्री तिथल्या ग्वारानी आदिवासींसमोर एकटाच बसून ओबो वाजवतो, भाषा येत नाही, हातात दुसरं काही नाही, फक्त ती चाल. ओबोला श्वास फार जपून सोडावा लागतो, त्यामुळे वाजवणाऱ्याचं थांबणं, परत श्वास घेणं ऐकू येतं आणि थोड्या वेळाने आपलाही श्वास त्याच लयीत जायला लागतो. मी तर दिवे बंद करून हेच लावते. 'सिनेमा पॅरादिसो' (1988) पण त्यांचंच, त्यातली लव्ह थीम मुलाबरोबर केलीय.

आणि एक राहवत नाही म्हणून लिहिते. ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपण लगेच लंडन-हॉलिवूडकडे बघतो, पण मुंबईच्या हिंदी सिनेमाचा सोन्यासारखा काळ होता तेव्हा स्टुडिओत व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट घेऊन बसलेल्यांत आमचे गोंयकार किती होते! पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चशाळांत पोरांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, तीच पोरं पुढे मुंबईला गेली. संगीतकार चाल सांगायचे आणि ती कागदावर उतरवून कुठे कोणतं वाद्य वाजणार हे ठरवायचं काम सेबास्टियन डिसोझांसारखे अरेंजर करायचे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत गायक श्वास घेतो तेवढ्यात मागून व्हायोलिनांची जी लाट येते ती ऐका एकदा नीट. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी तर 1958 मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम झाला, लताबाई आणि मन्ना डे गायला होते. प्यारेलाल हे त्यांचेच शिष्य. या लोकांची नावं पडद्यावर फार क्वचित आली याचं मला अजून वाईट वाटतं.

---

टेम्सकाठी

मूळचा साताऱ्याचा, कामामुळे बरीच वर्षं लंडनला. 'इंटरस्टेलर'चा विषय निघाला म्हणून सांगतो, त्यातला ऑर्गन इथल्या टेंपल चर्चमधला आहे. फ्लीट स्ट्रीटच्या गर्दीतून एका बोळात शिरलं की हे चर्च लागतं, गोल भाग बाराव्या शतकातला. 1941 च्या बाँबहल्ल्यात तिथला जुना ऑर्गन जळाला, मग स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या घराच्या नाचाच्या दालनात होता तो हॅरिसन अँड हॅरिसन कंपनीचा ऑर्गन इथे आणून बसवला. 'इंटरस्टेलर'चे संगीतकार हान्स झिमर यांनी तिथे रॉजर सेयर यांच्याकडून वाजवून घेतलं. दिग्दर्शक नोलननी सुरुवातीला झिमरना सिनेमा अंतराळाबद्दल आहे हे सांगितलंच नव्हतं, फक्त बाप आणि लेकराच्या नात्यावरचं एक पान दिलं होतं आणि त्यावर पहिली चाल झाली. हे कळल्यापासून मी त्यातले शांत तुकडे वेगळ्या कानांनी ऐकतो, घरापासून लांब राहणाऱ्याला ते जास्तच भिडतात.

त्या चर्चमध्ये जमेल तेव्हा जाऊन बसतो. ऑर्गनचा खालचा सूर तिथे कानापेक्षा छातीत आणि बाकाच्या लाकडात जाणवतो, तंबोऱ्याजवळ बसल्यावर होतं तसं. हेडफोनवर ते येत नाही पण निदान कल्पना येते. रातपाळी, तुम्हाला रागसंगीताची सवय आहे म्हणता, मग हा धरून ठेवलेला खालचा सूर शोधा, खर्ज म्हणा हवं तर. तो सापडला की वर काही का चालेना, बैठक हलत नाही.

---

अनुराधा_डोंबिवली

मला थोडं उलटं सांगायचंय. मला स्कोअरने आराम मिळत नाही, कारण सिनेमा आठवतो. 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये इत्झाक पर्लमन यांचं व्हायोलिन किती सुंदर आहे, संथ आहे, जोरात काही नाही, वरच्या सगळ्या अटीत बसतं. पण ते ऐकून मी रात्रभर तळमळत पडते. संगीत हळू आहे म्हणून ते झोपेसाठी, असं नसतं ना. त्यामुळे मी बघितलेल्या सिनेमांचे स्कोअर रात्री लावतच नाही, न बघितलेल्यांचे लावते. कथा माहीत नसली की नुसते सूर राहतात.

---

सी_मेजर

अनुराधाताई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता आणि एकदम पटला. 'शिंडलर्स लिस्ट'चं संगीत जॉन विल्यम्सचं, ते मीही दिवसाच ऐकतो. फक्त एक, सिनेमाची आठवण चांगली असेल तर तीच कामाला येते. जो हिसाइशी यांचं 'माय नेबर टोटोरो' (1988) किंवा 'स्पिरिटेड अवे' (2001) घ्या, सिनेमे बघितलेले असले तर उलट जास्तच शांत वाटतं. 'स्पिरिटेड अवे'ची सुरुवातीची पियानोची चाल आहे तिच्यात एक हुरहूर आहे पण जड नाही. 2008 चा टोकियोतल्या बुदोकान सभागृहातला कार्यक्रम आहे त्यांचा, ऑर्केस्ट्रा आणि कोरस मिळून हजारावर कलाकार, तो मात्र रविवारी सकाळी मोठ्या आवाजात.

---

रातपाळी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल आल्या आल्या यादी केली. सुरुवातीला हॉबिटांचं गाव (ते सोडवत नाही), मग बॅरीचं 'आउट ऑफ आफ्रिका', सिनेमा बघितलेला नाही त्यामुळे अनुराधाताईंची अट पाळली गेली, मग 'डे वन', आणि शेवटी 'गेब्रिएल्स ओबो'. टायमर चाळीस मिनिटांचा. मडगांवची, ओबो धरून ऐकायचा प्रयत्न केला, श्वासाचं अगदी खरं आहे. टेम्सकाठी, खर्ज सापडला, पण त्यासाठी आईचे जुने मोठे हेडफोन वापरावे लागले, माझ्या इअरफोनमध्ये तो नव्हताच.

एक विचारायचं राहिलं. शंकर-जयकिशनच्या काळातलं नुसतं ऑर्केस्ट्राचं, गायन नसलेलं काही ऐकायला मिळतं का? आईला पण लावून द्यायचं आहे, ती म्हणते मला तुझं इंग्रजी नको.

---

मडगांवची

जुन्या सिनेमांची टायटल म्युझिक ऐकवा त्यांना! श्रेयनामावली चालू असताना जे वाजतं ते. दोन-तीन मिनिटांचं असतं, पण बऱ्याचदा पूर्ण ऑर्केस्ट्रा असतो आणि सिनेमातल्या गाण्यांच्या चाली एकेक करून वाद्यांवर येऊन जातात, त्यामुळे आईंना कुठलं गाणं ते लगेच ओळखू येईल. रेकॉर्डवर क्वचितच असायचं, म्हणून यूट्यूबवर सिनेमाच लावावा लागतो. 'आवारा'पासून सुरू करा.