सैन्यभरतीचं सिम्युलेशन मॉडेल, सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ: नाशिकला एमएस्सी स्टॅट्स करतोय, चुलतभाऊ नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला अग्निवीर आहे, म्हणून प्रोजेक्टला २०२२ ची अग्निपथ योजना घेतली. ४ वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के कायम, पण मॉडेल कसं बनवू?

देवळालीकर: आधी एक्सेलमध्ये साधं कर. दरवर्षी १०० जण घे, कोणी मधेच सोडत नाही असं धर, ४ वर्षांचे झाले ४००, त्यातले २५ पुढे १५ वर्षं म्हणजे ३७५, एकूण ७७५. आता २५ चे ५० कर, थेट ११५०! एक आकडा हलवला की अख्खं चित्र बदलतं, मला तर हे फार भारी वाटतं.

माजी हवालदार: भाऊ, रँक विसरू नको. काही खास पदं सोडली तर हवालदार बाहेरून भरती होत नाही, शिपाई, नाईक असा खालूनच वर येतो, त्यामुळे आज भरती थांबवली तर खड्डा काही वर्षांनी हवालदारांत दिसतो.

देवळालीकर: बरोबर बोललात काका. मग मार्कोव्ह चेन, म्हणजे आजच्या स्थितीवरून पुढच्या वर्षाची शक्यता मांडणारं मॉडेल, लाव, दरवर्षी त्याच रँकवर थांबणं, बढती, बाहेर पडणं याची शक्यता टाकून हजार वेळा रन कर, सरासरीबरोबर वाईटातलं वाईट वर्षही बघ.

गोदाकाठ: आज रात्रीच बसतो, काका रँकबद्दल अजून विचारेन.