प्रीमियम म्हणजे चांगली जागा असं नाही

सुट्टीत नाट्यगृहात नाच-गाण्याचा खेळ बघायला जाताना ‘मुलं सोबत असतील तर प्रीमियमच (म्हणजे जास्त दराचं खास तिकीट) घ्या, अगदी पुढे बसता येतं’ असा सल्ला दिला जातो. मला नेमकं उलट वाटतं. रंगमंच उंचावर असतो, त्यामुळे पहिल्या रांगेत मान वर करून बघावं लागतं आणि नाचणाऱ्यांची पावलं दिसतच नाहीत. सुट्टीतल्या अशा खेळांत समूहनृत्यं भरपूर. सगळे मिळून जी आकृती करतात ती थोडं वरूनच उमटते, आणि ती बघण्यात केवढी मजा असते! म्हणून मला पहिल्या बाल्कनीची पुढची, मधली जागा सगळ्यात आवडते. फक्त तिथल्या कठड्याची उंची आधी विचारून घ्या, लहान मुलाच्या तो बरोबर डोळ्यांसमोर येतो. बाल्कनीच्या खाली येणाऱ्या मागच्या रांगा मात्र टाळाच, तिथे नेपथ्याचा वरचा भाग कापला जातो आणि आवाजही दबतो.

प्रीमियममध्ये जागेशिवाय काय आहे तेही नीट वाचा. प्रयोगानंतर कलाकारांची भेट असेल आणि मुलांना तिचं खरंच अप्रूप असेल, तर मी हात आखडता घेणार नाही. नुसती जागाच हवी असेल तर प्रीमियमची हद्द संपते त्याच्या लगेच मागची रांग बघा.