मिरज-सांगलीत गे पोरं तपासणीला येईनात, काय करावं?

वाटसरू_मिरज:
मी मिरजेचा, २९ वय. दोन महिने झाले, मी आणि एक मित्र शनिवारी रात्री ओळखीच्या पोरांना भेटतो, कंडोम देतो, आयसीटीसीला, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्राला चला म्हणतो. पाकिटं सगळे घेतात, तपासणीला एकपण आला नाही. परवा अमेरिकेतल्या काळ्या गे पुरुषांबद्दल वाचत होतो. २०१६ ला तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं हिशोब मांडलेला, लागणीचा दर तसाच राहिला तर दर दोघांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्ही होईल. आणि ती पोरं गोऱ्यांपेक्षा जास्त बेफिकीर असतात असंही नाही, अभ्यासात तसं दिसलेलं नाही. विमा नाही, डॉक्टरवर भरवसा नाही, औषध उशिरा सुरू होतं आणि जोडीदार सगळे आपल्याच छोट्या वर्तुळातले, मग एचआयव्ही एकदा आत शिरला की तिथंच फिरत राहतो. वाचताना मला आपलं सांगली-मिरजच दिसायला लागलं, इथं कोण कुणाला ओळखत नाही सांगा. कुणी असं काम केलंय का?

रातराणी:
११ वर्षं करतोय बाळा. पहिलं सांग, तू स्वतः त्यांच्यासमोर तपासून घेतलंस का? नसशील तर आधी ते कर. न्यूयॉर्कमध्ये काळ्या गे पुरुषांनी १९८६ लाच आपली स्वतःची संघटना काढली, कारण दुसऱ्याचं कोण ऐकत नव्हतं. लांब कशाला, आपल्या सांगलीत संग्राम संस्थेनं एचआयव्हीच्या कामात १९९२ पासून धंद्यातल्या बायकांनाच पुढं केलं, बाईनं बाईला सांगितलं म्हणून ते पोचलं.
मी एका पोराला घेऊन गेलेलो, तिथल्या माणसानं रांगेतच मोठ्यानं विचारलं, "लगीन झालंय का? मग इकडं कशाला?" पोराचे कान लाल झाले, तसाच मागच्या मागं निघून गेला, परत कधी आला नाही. तेव्हापासून मी आधी एकटा जाऊन कोण कसं बोलतंय ते बघून येतो, मगच पोराला नेतो, आणि नंबर येईपर्यंत बाकावर शेजारी बसतो. संमतीशिवाय तपासणी करायची नाही आणि रिझल्ट दुसऱ्याला सांगायचा नाही असा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, हे पोरांना सांगत जा, धीर येतो.
आणि एक, आपल्याकडं अजून खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलीन लावतात. त्यानं कंडोम फाटतो. पाण्याचं लूब, म्हणजे तेल नसलेलं वंगण दे सोबत, नुसतं पाकीट देऊ नको.

लॅबवाला_सातारा:
रातराणींना अनुमोदन. मी लॅबमध्ये असतो म्हणून थोडं सांगतो. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही तर ७२ तासांच्या आत पीईपी, म्हणजे संबंधानंतर लागण टाळायचं औषध सुरू करायचं, जितकं लवकर तितकं बरं, मग २८ दिवस रोज गोळी. पोरं "बघू सोमवारी" म्हणतात आणि वेळ निघून जाते, ते ७२ तास त्यांच्या डोक्यात बसव. प्रेप वेगळं, ते लागण टाळायचंच औषध पण संबंधाच्या आधीपासून घ्यायचं असतं, डॉक्टरला विचारून. रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तरी ३ महिन्यांनी परत करायची. सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तरोगाची तपासणी पण होते, पण मागून संबंध आलाय हे डॉक्टरला सांगितलं पाहिजे, नाहीतर तो पुढचंच तपासून सोडतो. आणि लागण झालेल्याचं एआरटी, म्हणजे एचआयव्हीचं औषध नीट चालू असेल, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नसेल तर संबंधातून एचआयव्ही पुढं जात नाही. घाबरून तपासणी टाळणाऱ्याला हे सगळ्यात आधी सांगा.

तासगाव_४१:
पहिल्यांदाच लिहितोय. मला बायको आणि दोन मुली आहेत. तुम्ही "गे पोरांसाठी" म्हणालात की मी तिथनं निघून जाणार, कारण मी स्वतःला तसं कधी म्हणत नाही. रात्री स्टँडवर पाकीट मिळालं तर मी ते घरी नेऊ शकत नाही, तंबाखूच्या पुडीत घालून नेलंय एकदा, तीन दिवस झोप नव्हती. मी १०९७ ला फोन केला, फुकट आहे, तिथं नाव सांगावं लागलं नाही. पण पुढं सेंटरला एकट्यानं जायचं धाडस होईना.

वाटसरू_मिरज:
दादा, लिहिलंत ते लई बरं केलं. आता गे पोरं असं म्हणायचं बंद करतो, नुसतं पुरुषांची तपासणी म्हणतो. माझी स्वतःची बुधवारी सकाळी करतोय, रातराणी म्हणाले तसं आधी उद्या एकटा जाऊन बघून येतो. तुम्ही येणार असाल तर मेसेज करा, नाव नको, गाव नको. मी बाहेर चहाच्या गाड्यापाशी निळ्या पिशवीसकट उभा असेन, ओळख दाखवायची नसेल तर नुसतं माझ्या मागं मागं आत या.